एटीएमचं गोड पाणी

नांदुरा
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुवर्णाताई,
सप्रेम जयभीम.

आपल्या गावच्या पाण्याच्या एटीएममध्ये गाळणी नाही. दोन वर्षांपासून नाही. मशीन सांभाळणाऱ्या मुजम्मिलने काल हे माझ्यासमोर कबूल केलं, आणि त्यानंतर मी स्वतः झाकण उघडून आत पाहिलं. ज्या नळकांड्यात मेंब्रेनची गाळणी असायला हवी, ते रिकामं आहे. आत एक वाळलेली पाल होती.

तुझ्या पुस्तकातल्या प्रकरणासाठी तूच मला लिहिलं होतंस की मशीन कसं चालतं ते नीट विचारून कळव. मी वही घेऊन गावी गेलो, सोबत बातमीही होईल म्हणून. खाऱ्या पट्ट्यातलं एक गाव, दोन वर्षं गोड पाणी, पोटदुखी आणि मूतखड्याच्या तक्रारी कमी. रविवारच्या पानासाठी चांगला मजकूर होता. मुजम्मिलला म्हटलं, "आतली गाळणी दाखव, फोटो काढतो." तो म्हणाला, "फोटो बाहेरून काढ ना भाऊ, बाहेरून मस्त दिसते." मी आग्रह धरला. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मंग आता पाहूनच घे."

मेंब्रेन सुरुवातीच्या काही महिन्यांतच खराब झालं, कंपनीचा माणूस यायचा बंद झाला, पंचायतीने पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. तेव्हा त्याने पाणी दुसरीकडून जोडलं, एका विहिरीतून. ते मुळातच गोड आहे, क्षार मोजायच्या मीटरने त्याने तपासलं आहे. मशीनची मोटर तो नुसती चालू ठेवतो. "घूंऽऽ आवाज आला पाह्यजे, नाही तर लोकाइले पाणी शुद्ध वाटत नाही," असं त्याचं म्हणणं.

ताई, मी बावीस वर्षं बातम्या लिहितोय. असा सुन्न मी क्वचितच झालो असेन. काल संध्याकाळीही मशीनसमोर कॅनची रांग लागली होती. तुला माहीत आहे, सकाळच्या नंबरासाठी लोक आदल्या संध्याकाळीच रिकामे निळे कॅन लावून ठेवतात, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. पहिला कॅन नेहमीप्रमाणे वरच्या वेटाळातल्या रुक्मिणीबाईंचा. नवरा किडनीच्या आजाराने गेला, त्याच्या नावाने त्यांनी मशीनसाठी खोली दिली. त्या अजूनही म्हणतात, "आमच्या यांच्या नावाचं पाणी आहे."

फोन करत नाही, कारण मग तू आईला फोन करशील, ती स्पीकर लावते आणि शेजारपाजारचं अख्खं वेटाळ ऐकतं. म्हणून पत्र. बातमी लिहून तयार आहे, पाठवलेली नाही. छापली की गाव मशीनकडे फिरकणार नाही, पुन्हा बोअरचं खारं पाणी पिईल. तू शिकवतेस ना, जे कामी येतं ते खरं? मग सांग, मी काय करू?

तुझा
धम्मरत्न


पुणे
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मा,

तुझं पत्र जिन्यातच उभी राहून वाचलं. मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? काय सांगणार. त्या मशीनवर माझी नऊ पानं लिहून झाली आहेत. प्रकाशकांना प्रकरण या महिनाअखेर द्यायचं आहे.

आधी तुझी एक दुरुस्ती. फलप्रामाण्यवाद म्हणजे "जे कामी येतं ते खरं", असं चहाच्या टपरीवर म्हणायला ठीक आहे. ते विचारवंत एवढे स्वस्त नव्हते. ज्या अमेरिकन प्राध्यापकांच्या वर्गात बाबासाहेब बसले, त्यांच्याच घराण्याचा हा विचार आहे. ते म्हणतात, विश्वास म्हणजे डोक्यात ठेवलेलं वाक्य नव्हे. ज्याच्या भरवशावर तुम्ही पाऊल टाकता तो विश्वास. आणि एखादा विचार खरा आहे की नाही हे पाऊल टाकल्यावर जे घडतं त्यातून ठरत जातं. जन्मतःच खऱ्याचा शिक्का घेऊन कोणताही विचार येत नाही.

आता तुझा प्रश्न. लोकांनी पाणी शुद्ध आहे असं मानलं, त्यावर दोन वर्षं पावलं टाकली, आणि आजार कमी झाले. मुजम्मिलने मीटर लावून गोड पाणीच दिलं आहे ना? मग गाळणी आत आहे की पाल, याने पिणाऱ्याच्या आयुष्यात काय फरक पडला? माझं मत, छापू नकोस. गुपचूप पंचायतीकडून नवं मेंब्रेन बसवून घे. मग विश्वासही राहील आणि वस्तूही.

विहीर रुक्मिणीबाईंच्या मळ्यातली असणार. त्यांना माहीत आहे का? त्यांचंच पाणी त्या रांगेत उभ्या राहून नेतात, हे मला थोडं मजेशीरही वाटलं. माझ्या प्रकरणाला शेवट मिळाला.

मुजम्मिलला रागावू नकोस. शाळेत माझी सायकल तोच दुरुस्त करायचा.

तुझी
ताई


नांदुरा
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

विहीर रुक्मिणीबाईंची नाही. आपली आहे. आपल्या वेटाळाची.

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण मुजम्मिलने सांगितलं तेव्हा माझाच विश्वास बसला नव्हता. तुला आठवते ती विहीर खारी होती. आजोबांच्या काळापासून खारी, भांडी घासायला, अंघोळीला तेवढी उपयोगी. बोअर आल्यापासून तिकडे कोणी गेलं नाही, चारही बाजूंनी बाभळी वाढल्या. तीन वर्षांपूर्वी मागचा नाला खोल केला, वर बंधारा झाला, पाऊस मुरला. मुजम्मिल भावाच्या घराच्या स्लॅबवर पाणी मारायला त्या विहिरीवरून पाणी नेत होता. हात धुताना चव लागली. त्याने मीटर लावला. आकडा मशीनच्या पाण्याइतका कमी आला. त्याने मीटर झटकून पुन्हा लावला, तरी तोच. विहीर मशीनच्या खोलीच्या अगदी मागे. बाभळीतून नळी टाकायला त्याला एक दुपार लागली.

म्हणजे वरच्या वेटाळाने दोन वर्षं आपल्या विहिरीचं पाणी प्यायलं. देवघरात ठेवलं. लग्नाच्या पंगतीला वाढलं. त्या विहिरीच्या काठाशी त्यांच्यातलं कोणी कधी उभं राहिलं नव्हतं, हे तुला मी सांगायला नको. चहा ते आपल्याकडे घेतात आता, पण हॉटेलातून मागवलेला. विहिरीची गोष्ट वेगळी.

पण मला जे जास्त लागलं ते दुसरंच. आपलं वेटाळही त्याच रांगेत उभं होतं. आई रोज संध्याकाळी कॅन लावायची, 'जनकाबाई' असं हिरव्या रंगात लिहिलेला. विहीर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एकदा मी तिला म्हटलं होतं, या विहिरीचं पाणी पाहायला हवं, नाला झाल्यापासून झरा वाढला असेल. ती म्हणाली, "आपल्या हिरीचं काय पाह्यतं? खारं ते खारंच. एटीएमचं पाणी कसं साखरेवाणी लागते." आपलंच पाणी ती वरून आलेलं समजून पीत होती.

मी मुजम्मिलला विचारलं, "आम्हाला काऊन नाही विचारलं?" तो म्हणाला, "वरच्याइले विचारलं असतं तं नाही म्हटलं असतं. तुमाले विचारलं असतं तं तुमी वरच्याइले सांगतलं असतं."

"आम्ही पाणी नाकारलं असतं असं तुला वाटलं?"

"तसं नाही वाटलं भाऊ. पर विचारलंच नाही, हे खरं हाय."

आता सांग, दोन वर्षं कामी कोण आलं, मशीनवरचा विश्वास की विहीर? तू म्हणतेस गुपचूप मेंब्रेन बसव. म्हणजे आपलं गोड पाणी खोट्या गाळणीऐवजी खऱ्या गाळणीतून जाईल, आणि मग सगळे समाधानी. मला राग येतोय आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. संपादकांनी दोनदा विचारलं, एटीएमचा मजकूर कुठे आहे.

धम्मरत्न


पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मा,

मागच्या पत्रात "मजेशीर" असा शब्द मी वापरला. तो मागे घेते.

तास होता, मी गेले नाही. दिवसभर एकच विचार. लहानपणी आई त्याच विहिरीवर आपल्याला अंघोळ घालायची आणि खाऱ्या पाण्याने केस राठ व्हायचे. ती विहीर खारी आहे हे माझ्यासाठी दोन अधिक दोन चारइतकं पक्कं होतं. ती गोड झाली आणि आपल्यापैकी एकानेही ओंजळ भरून पाहिली नाही. एक गोष्ट एकदा खरी होती, म्हणून ती कायम खरी राहील असं आपण धरून चाललो. मी वर्गात मुलांना सांगते, खरं हे रोज पुन्हा तपासावं लागतं. माझ्या घरामागची विहीर मी तपासली नाही.

मी चुकले कुठे ते लिहिते. गावात दोन विश्वास होते आणि मी एकच पाहिला. मशीन पाणी शुद्ध करतं, हा एक. त्या विहिरीचं आपल्याला चालत नाही, हा दुसरा, आणि जुना. पहिल्याने काहीच केलं नव्हतं, मोटरचा आवाज होता फक्त. दुसऱ्याची मात्र दोन वर्षं रोज परीक्षा झाली. विटाळ खरा असता तर काहीतरी व्हायला हवं होतं ना? देवघरात, पंगतीत, कोणाच्या तरी अंगावर? काही झालं नाही. उलट दुखणी कमी झाली. इतका स्वच्छ निकाल प्रयोगशाळेतही मिळत नाही.

पण ज्याला परीक्षा दिल्याचंच माहीत नाही, त्याला निकाल लागू होत नाही, धम्मा. मुजम्मिलने लोकांची तब्येत वाचवली आणि त्यांची निवड काढून घेतली. वरच्यांचीही, आपलीही. पाणी द्यायचं की नाही हे आईने ठरवायचं होतं. ती हो म्हणाली असती, अशी माझी खात्री आहे. पण न विचारता घेतलेला होकार हा होकार नसतो. तपासाचा रस्ता बंद करून टिकवलेला विश्वास कितीही उपयोगी पडला तरी तो खरा आहे असं मी आता म्हणू शकत नाही.

म्हणून बातमी नंतर. आधी आईला सांग. पेपरात वाचून तिला कळता कामा नये.

प्रकरणाची नऊ पानं मी बाजूला ठेवली. प्रकाशकांना फोन केला, म्हटलं उशीर होईल.

ताई


नांदुरा
२ मार्च २०२५

प्रिय ताई,

मशीन बंद आहे. नळी विहिरीपाशी आणि खोलीपाशी, दोन्हीकडे कापलेली मिळाली. ग्रामसेवकांनी पंचनामा केला. कोणी कापली ते कोणी सांगत नाही. मुजम्मिल बायकोला, सलीमाला, घेऊन धामणगाव बढ्याला सासुरवाडीला गेला आहे. तिथे तो सुखरूप आहे, माझं सकाळीच बोलणं झालं. मधले दिवस पत्र लिहायला सुचलं नाही. क्रमाने सांगतो.

आईला मी अंगणात सांगितलं. ती गहू पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही, पाखडणं थांबलं फक्त. म्हणाली, "आपल्या हिरीचं?" मी हो म्हटलं. ती उठली, बादली-दोर घेतला आणि बाभळीतून वाट काढत विहिरीवर गेली. मी मागे. पाणी ओढलं, ओंजळीने प्यायली. मग विहिरीच्या काठावर बसली आणि मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "सासूबाई मरतानी म्हणे, जनका, गोड पाणी दे वं. मी म्हटलं, कुठून देऊ." एवढंच. गोड तेव्हा नव्हतंच, मी समजावलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर गेली. कॅन नेला नाही. रुक्मिणीबाई पहिल्या नंबरावर उभ्या. आईने त्यांना सगळं सांगून टाकलं, बाजारभाव सांगावा तसं. मी चार पावलांवर होतो. रांगेत कोणी हललं नाही. मशीनचं घूंऽऽ तेवढं चालू.

रुक्मिणीबाई खोलीच्या ओट्यावर बसल्या. नवऱ्याच्या नावाची फरशी त्यांच्या डोक्याच्या वर. म्हणाल्या, "मंग दोन वर्षं मी काय पिलं?"

आई म्हणाली, "पाणीच पिलं बाई. अजून काय राह्यते त्याच्यात?"

"तुले माहीत होतं?"

"मले माहीत असतं तं तुमच्या मांगं रांगेत उभी राह्यली असती का?"

रुक्मिणीबाई उठल्या. भरलेला कॅन तिथेच सोडून गेल्या. तो दिवसभर तसाच उभा होता, आणि त्याच्या आजूबाजूने लोक असे जात होते, जणू तो तापलेला आहे. त्याच संध्याकाळी नळी कापली गेली.

मी बातमी पाठवली, सगळं लिहून. विहीर कोणाची तेही. सकाळी छापून आली: 'तांत्रिक बिघाडामुळे गावात पाण्याची गैरसोय'. सात ओळी. संपादकांना फोन केला तर म्हणाले, "विहिरीचा भाग सध्या राहू द्या, वातावरण पाहा." मी त्यांना म्हटलं, वातावरणाचीच बातमी होती.

वरचं वेटाळ बोअरचं पाणी पितंय. रुक्मिणीबाईंचे पाय सुजले आहेत असं ऐकतो. आणि आता त्यांच्याकडून निरोप आलाय पंचायतीला: वर्गणी काढू, नवं मेंब्रेन बसवा, मग त्याच विहिरीचं पाणी चालेल. मशीनमधून आलं म्हणजे झालं. मुजम्मिलला हे फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "भाऊ, मीटर लावून दाखवलं असतं मी, मेंब्रेनच्या पाण्यापेक्षा गोड हाय म्हणून." मग त्याने विचारलं, "मी येऊ का परत? मारतील का मले?" मी खात्री देऊ शकलो नाही.

९ मार्चला ग्रामसभा आहे. आपल्या वेटाळाने पाणी द्यायचं का, हा विषय आहे. सगळे आईच्या तोंडाकडे पाहतायत.

धम्मरत्न


पुणे
६ मार्च २०२५

धम्मा,

हे स्पीडपोस्टने पाठवतेय, सभेआधी पोचावं म्हणून.

आईला सांग, नाही म्हण. गोड पाण्याला गाळणी कशाला? ती क्षारांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. आपलं नाव त्यातून गाळून घ्यायचं आहे त्यांना. दोन वर्षांचा निकाल समोर असून जो माणूस जुन्याच विश्वासावर पाऊल टाकतो, त्याने निकाल वाचलाच नाही. त्यांना खारं पाणी पिऊ दे. हे लिहिताना रुक्मिणीबाईंचे पाय डोळ्यांसमोर येतात, तरी लिहितेय. माझ्या शास्त्रात याचं उत्तर असेल, आत्ता मला सापडत नाही.

मुजम्मिलला म्हणावं, सुवर्णाने विचारलंय.

ताई


गावाहून
११ मार्च २०२५

प्रिय ताई,

आपलं वेटाळ पाणी देणार आहे आणि मेंब्रेन बसणार नाही. परवाच्या ग्रामसभेत हे ठरलं, ग्रामसेवकांनी इतिवृत्तात नोंदवलं आहे. अट आईने घातली.

तुझं पत्र मी तिला सभेच्या सकाळी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सुवर्णाचा राग बरोबर हाय. पर तहान लागलेल्याले खारं पाणी पी म्हणणं माह्या तोंडातून निंघत नाही." मला वाटलं, ती मेंब्रेनला हो म्हणणार.

सभेत तिचा नंबर आला तेव्हा ती उठून उभी राहिली. म्हणाली, "नळी नको. मशीन नको. हीर जिथं हाय तिथं हाय. ज्याले पाणी पाह्यजे त्यानं हिरीवर यावं अन् आपल्या हातानं ओढून न्यावं. आमी कोणाले अडवत नाही. कोणाच्या घरी पोचवूनबी देत नाही."

वरच्या वेटाळातला एकजण मागून म्हणाला, "म्हंजे आता आमी तुमच्या मांगं रांगेत उभं राहावं?"

आई म्हणाली, "दोन वर्षं आमी तुमच्या मांगं उभं होतो, आमच्याच पाण्यासाठी. पाय नाही दुखले."

कोणी हसलं, बहुतेक आपल्यातलंच. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. विरोधात हात वर झाले, पण कमी. बाजूने त्याहून थोडे जास्त. बरेच हात मांडीवरच राहिले.

ताई, तू लिहिलं होतंस, ज्याच्या भरवशावर माणूस पाऊल टाकतो तो विश्वास. आईने तुझं पुस्तक वाचलेलं नाही, पण अट मात्र पावलांचीच घातली. आता फसवणूक नाही. पाणी कोणाचं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि जायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. मुजम्मिल काल परत आला. आल्या आल्या बाभळी तोडायला लागला. आई त्याला म्हणाली, "पुढच्या टायमाले विचारत जाय बे." तो म्हणाला, "हाव काकू." पोरांनी विहिरीचा काठ धुऊन काढला, नवा दोर बांधला.

उद्या सकाळपासून पाणी. म्हणून आज संध्याकाळी मी गावातच थांबलो. सवयीप्रमाणे लोकांनी कॅन लावले, या वेळी विहिरीपाशी. आपल्या वेटाळाचे, मुजम्मिलच्या मोहल्ल्याचे. दिवेलागणीपर्यंत वरून कोणी आलं नाही. मी नांदुऱ्याला निघायला गाडी काढली, तेव्हा आईने हाक मारली.

रांगेच्या टोकाला एक कॅन होता जो मघाशी नव्हता. कोणी ठेवला ते कोणी पाहिलं नाही. त्यावरचं नाव खरवडून काढलेलं होतं. निळ्या प्लास्टिकवर नुसता पांढरा ओरखडा. पत्रा किंवा सुरी लावून घाईने केलेलं काम. मी वाकून अक्षरं लागतात का पाहायला लागलो. जुनी सवय. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला उठवलं.

"राहू दे," म्हणाली. "नाव खरवडता येते. सकाळी उचलायले तं हात घेऊनच या लागन."

ती उद्या उजाडायच्या आधी विहिरीवर जाऊन बसणार आहे. मीही थांबतोय. गाडी परत आत लावली.

तुझा
धम्मरत्न